मातीखालची पट्टी

स्विचयार्डाच्या अर्थिंगचा अहवाल मागितला की हातात एक तक्ता येतो. पहिला खड्डा ०.८ ओहम, दुसरा १.१, तिसरा ०.९. खाली सही आणि शिक्का. बीड जिल्ह्यात विजेची कामं करताना असे तक्ते मी भरपूर पाहिले. आता तक्ता समोर आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा खड्डा वरच्या यंत्राला जोडलेला आहे, हे कुणी पाहिलं? बहुतेक ठिकाणी कुणीच पाहिलेलं नसतं. खड्ड्याचा ओहम फक्त इलेक्ट्रोड आणि भोवतालची माती यांच्याबद्दल सांगतो. ट्रान्सफॉर्मरच्या अंगापासून त्या इलेक्ट्रोडपर्यंत जाणारी पट्टी मध्येच तुटली असेल, तर त्या आकड्याला त्याचा पत्ताही नसतो.

माजलगाव-गेवराई पट्ट्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये जे घडलं, ते यासाठीच सांगतो. पुरवठा ३३ केव्हीचा, यार्ड लहान, सगळं नीटनेटकं. लोखंडी खांबांवरून उतरणाऱ्या अर्थच्या पट्ट्यांना ताजा हिरवा रंग दिलेला. मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस विजांसकट आला आणि एका फेजचा लाइटनिंग अरेस्टर फुटला. अरेस्टर कधी ना कधी फुटतोच, यार्डाची रचना ते गृहीत धरूनच केलेली असते. फॉल्टचा करंट पट्टीतून जमिनीत उतरतो, रिले पाहतो, ब्रेकर उघडतो, आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवण्याच्या आसपास संपतं. इथे तसं झालं नाही. अरेस्टरच्या खांबाला दोन पट्ट्या होत्या. त्यातली एक मातीखाली आधीच तुटलेली होती. दुसरी गंजून इतकी बारीक झाली होती की करंट आला आणि ती वितळली. पट्टी गेल्यावर करंटची वाट कठीण झाली, करंट घटला, आणि घटलेल्या करंटवर रिले उशिरा चालला. तेवढ्या वेळात ठिणगीचा झोत शेजारच्या कंट्रोल केबलच्या आर्मरवर गेला आणि केबल पार रिले पॅनलपर्यंत जळाली. फाटकाकडे चाललेले राखणदार मामा कशालाही हात न लावता खाली पडले. दोन पावलांच्या मधल्या जमिनीवर जो दाब तयार झाला, त्याने त्यांना पाडलं. दवाखान्यात काही दिवस काढून ते घरी परतले.

दुसऱ्या दिवशी पुरवठा बंद आणि कुलूपबंद असताना मला तपासणीला बोलावलं. खांबाच्या पायथ्याशी हातकुदळीने वीतभर माती काढली आणि सगळं समोर आलं. जमिनीच्या वर ५० बाय ६ मिलिमीटरची भरभक्कम जीआय पट्टी, आणि मातीत शिरते त्या जागी जुन्या वहीच्या पुठ्ठ्यासारखी सुटी होणारी, बोटाने चुरणारी पापुद्र्यांची थप्पी. हिरवा रंग मात्र मातीच्या रेषेपर्यंत शाबूत होता. त्याच वर्षाच्या अहवालात त्या खड्ड्याचा आकडा एक ओहमच्या आत होता. तो आकडा खोटा नव्हता. खड्डा खरोखरच चांगला होता, फक्त त्याच्याशी काही जोडलेलं नव्हतं.

पट्टी नेमकी मातीच्या रेषेवरच का खाल्ली जाते, हे माहीत असलं तर कुठे खणायचं ते आपोआप कळतं. जमिनीच्या वर हवा भरपूर, खोल मातीत हवा नाहीशी, आणि मधल्या वीतभर भागात ओल आणि हवा दोन्ही कमी-जास्त होत राहतात. एकाच पट्टीच्या दोन भागांना वेगवेगळा प्राणवायू मिळाला की त्यांच्यात बारीकसा विद्युत घट तयार होतो आणि कमी हवेच्या बाजूचं लोखंड झिजत जातं. त्यात आपण खड्ड्यात मीठ ओततो. मिठामुळे ओहम खाली येतो, हे खरं आहे, पण तेच मीठ जस्ताचा थर आणि नंतर पोलाद खातं. कुठे जुनी तांब्याची पट्टी चोरीला गेल्यावर तिच्या जागी जीआय जोडलेली असते आणि उरलेलं तांबं मातीत तसंच असतं. अशा जोडावर नुकसान नेहमी पोलादाचं होतं.

आपल्या जिल्ह्यात माती स्वतःही पट्टी तोडते. गोदावरीकाठच्या गेवराई-माजलगावची काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा देते. सरळ ताणून टाकलेली पट्टी आणि घाईत मारलेलं वेल्डिंग ही हालचाल वर्षामागून वर्षं सोसत राहतं आणि एखाद्या उन्हाळ्यात जोड सुटतो. बालाघाटाच्या डोंगरावर, पाटोदा-आष्टीकडे उलटं चित्र आहे. वर थोडी हलकी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. तिथे पट्टी कमी गंजते, पण उन्हाळ्यात मुरूम कोरडा पडला की खड्ड्याचा ओहम पावसाळ्याच्या कितीतरी पट होतो. ओल्या काळ्या मातीची रोधकता दहा-वीस ओहम-मीटरच्या घरात असते, खडकाची हजारांत जाते. त्यामुळे दिवाळीच्या आधी, रान ओलं असताना केलेली मोजणी बालाघाटावर मनाला खोटा दिलासा देते. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी आणि पुढे २०१० च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनीही पुरवठादाराच्या अर्थिंगची मोजणी कोरड्या ऋतूतल्या कोरड्या दिवशी, निदान दोन वर्षांतून एकदा करायला सांगितली होती. त्यातला ‘कोरडा दिवस’ आपल्याकडे एप्रिल-मेचा धरावा.

आता पट्टी किती झिजली तर चालेल, याचा हिशेब. अर्थिंगच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ३०४३ मध्ये, पोलादाच्या पट्टीला एका सेकंदासाठी दर चौरस मिलिमीटरला ८० अँपिअर आणि तांब्याला २०५ अँपिअर धरलेले आहेत. तीन सेकंदांसाठी पोलादाचा आकडा ४६ वर येतो. ५० बाय ६ ची पट्टी ३०० चौरस मिलिमीटरची, म्हणजे एका सेकंदाला २४,००० अँपिअर झेलणारी. जाडी सहावरून तीनवर आली की ती १२,००० वर येते. आपल्या जागेचा फॉल्ट करंट किती, हे पुरवठा कंपनीकडून लेखी घ्या आणि पट्टीची उरलेली जाडी व्हर्नियरने मोजून ताडून पाहा. मोजण्याआधी पापुद्रे ब्रशने घासून काढा, कारण गंज फुगलेला असतो आणि गंजासकट मोजलेली पट्टी नव्या पट्टीपेक्षा जाड भरते. अनेकजण इथे फसतात. माझा स्वतःचा दंडक असा आहे की मूळ जाडीच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त गेलं असेल, तर हिशेबात बसत असलं तरी ती पट्टी बदलायची. गंज तिथेच थांबणार नसतो.

खणून पाहणं प्रत्येक खांबाला करावं, पण सगळा यार्ड खणता येत नाही. उरलेल्या भागासाठी करंट सोडून पाहावं लागतं. हातातल्या साध्या मल्टिमीटरवर भरवसा ठेवू नका. पट्टी एका धाग्यावर टिकून असली तरी तो शून्य दाखवतो. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचा रायझर, म्हणजे जमिनीतल्या पट्ट्यांच्या जाळीतून वर येणारी पट्टी, हा संदर्भ धरून, तिथून दूरच्या रायझरपर्यंत ५०-१०० अँपिअर डीसी सोडायचा आणि व्होल्टेज किती पडतं ते मोजायचं. ५० बाय ६ ची पोलादी पट्टी मीटरमागे साधारण अर्धा मिलिओहम असते, म्हणजे दहा मीटरला १०० अँपिअरवर अर्धा व्होल्ट. जाळीत वाटा अनेक असल्याने प्रत्यक्षात याहून कमीच यायला हवं. एखाद्या रायझरला शेजाऱ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट आलं, तर तिथे कुदळ लावा.

यातही एक चकवा आहे. यार्डातले खांब वर बीमने, खाली केबलच्या आर्मरने एकमेकांना जोडलेले असतात. रायझर मातीखाली तुटलेला असला तरी करंट वरून फिरून परत येतो आणि आकडा चांगला दिसतो. म्हणून करंट सुरू असतानाच त्या रायझरला क्लॅम्प मीटर लावून खाली मातीकडे किती जातोय ते पाहायचं. खाली काहीच जात नसेल, तर वरचा चांगला आकडा बीमचा आहे. क्लॅम्पवाल्या अर्थ टेस्टरचाही असाच घोटाळा होतो. सगळे खड्डे पट्टीने बंद वळशात जोडलेले असले की तो मातीऐवजी धातूचा वळसा मोजतो आणि ०.१ ओहम दाखवतो. असा सुंदर आकडा दिसला की मी तो आधी खोडतो.

संपूर्ण जाळीचा ओहम मोजायचा तर जुनी खुंट्यांची पद्धतच खरी. मात्र खुंट्या दूर लागतात. यार्ड ४० बाय ३० मीटरचा असेल तर कर्ण ५० मीटर, आणि करंटची खुंटी त्याच्या निदान पाचपट दूर, म्हणजे २५० मीटरवर. ती कुणाच्या तरी कपाशीत किंवा उसात जाते. शेतकऱ्याला आधी सांगून, मोजणी संपेपर्यंत त्या खुंटीजवळ माणूस उभा करूनच काम करावं. कुंपणाच्या आत दहा मीटरवर खुंटी ठोकून घेतलेल्या आकड्याला काहीही अर्थ नाही, तरी तो अहवालात सर्रास येतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसलो, ती. आपल्याकडच्या वायरमन आणि हेल्पर पोरांच्या मनात एक समज घट्ट बसलेला आहे: अर्थची वायर आहे, तिने काही होत नाही. शाबूत अर्थबाबत तो समज बऱ्याच अंशी चालून जातो. तुटलेल्या अर्थबाबत तो जीव घेतो. स्टार जोडणीच्या ३३ केव्ही पीटीचं, म्हणजे व्होल्टेज मोजायच्या ट्रान्सफॉर्मरचं, प्रायमरी न्यूट्रल अर्थला बांधलेलं असतं. ती वायर सुटली की ते टोक तरंगायला लागतं आणि १९,००० व्होल्टपर्यंत जाऊ शकतं. चालू ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमधून तिन्ही फेजांच्या लोडमधल्या फरकाचा करंट सतत वाहत असतो. ती पट्टी उघडली की दोन टोकांमध्ये व्होल्टेज उभं राहतं आणि हात मध्ये आला तर वाट हातातून जाते. एका टोकाला बांधलेल्या केबलच्या स्क्रीनचंही तसंच. आणि काहीच वाहत नसलं, तरी तुम्ही पट्टी हातात धरलेल्या क्षणी लाईनवर कुठे फॉल्ट झाला, तर पूर्ण दाब तुमच्या हातात येतो. म्हणून तुटलेल्या अर्थची दोन्ही टोकं चालू फेज समजायची. चोरीनंतर सकाळी यार्डात लोंबणारी पट्टी दिसली तर कुणीही ती हाताने बाजूला करायची नाही.

एक प्रघात तर आजच बंद व्हायला हवा. वेगवेगळ्या खड्ड्यांचा ओहम घ्यायचा म्हणून चालू ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचा नटबोल्ट पान्याने खोलतात, मोजतात, पुन्हा बांधतात. नियमाने न्यूट्रलला दोन स्वतंत्र जोड असतात, त्यामुळे एक खोलला तरी दुसरा सांभाळतो, असं म्हटलं जातं. दुसरा मातीखाली शाबूत आहे याची खात्री कुठे आहे? त्या जिनिंगमध्येही कागदावर दोन पट्ट्या होत्याच. एखाद्या चुकार पोराला हे करताना पाहिलं तर ओरडू नका, पान्यावरचा हात शांतपणे बाजूला घ्यायला सांगा आणि नंतर समजावा. दचकून हललेला हातही तिथे महाग पडतो.

दुरुस्तीला शटडाऊन घ्या. परमिट, आयसोलेटर उघडा आणि कुलूपबंद, डिटेक्टरने तपासणी, मग डिस्चार्ज रॉड, हा क्रम मोडायचा नाही. तरी कधी कधी रुग्णालयाचा किंवा पाणीपुरवठ्याचा फीडर बंद करता येत नाही आणि तुटलेल्या रायझरला तात्पुरता आधार द्यावाच लागतो. ते काम अधिकृत आणि सराव असलेल्या माणसाचंच, एकट्याने करायचंच नाही. लवचीक तांब्याचा जंपर आधी शाबूत जाळीच्या बाजूला बांधायचा आणि मग इन्सुलेटेड काठीने यंत्राच्या बाजूला चढवायचा. काढताना बरोबर उलटा क्रम. ७० चौरस मिलिमीटरचं तांबं एका सेकंदाला साधारण १४,००० अँपिअर झेलतं. तुमचा फॉल्ट त्याहून मोठा असेल तर जंपर तेवढा मोठा घ्या. ३६ केव्हीपर्यंतचे क्लास ४ चे रबरी हातमोजे असतात, त्यावर तपासणीची तारीख पाहा. मात्र हातमोजे ही शेवटची आडकाठी, ती घातली म्हणून शटडाऊनशिवाय कापाकापी करायची परवानगी मिळत नाही.

पट्टी जोडताना गंजलेला भाग थेट शाबूत, चमकत्या धातूपर्यंत मागे कापा. पट्टीच्या रुंदीच्या दुप्पट, म्हणजे ५० च्या पट्टीला १०० मिलिमीटर एकावर एक चढवून चारही बाजूंनी वेल्डिंग करा. दोन ठिपके मारून समाधान मानणारे मिस्त्री मी पाहिलेत, तो जोड काळ्या मातीत दोन उन्हाळे काढत नाही. जीआय पट्टीवरचा जस्ताचा थर वेल्डिंगच्या जागी आधी घासून घ्या, त्याचा धूर छातीत जाऊ देऊ नका. गार झाल्यावर स्लॅग झाडून जस्तयुक्त रंग, वरून डांबर किंवा गंजरोधक टेप. मातीच्या रेषेच्या फूटभर वर आणि फूटभर खाली हा लेप नक्की हवा. पट्टीला खांबाजवळ थोडा वळसा ठेवा, म्हणजे माती फुगली-आकसली तरी जोडावर ताण येत नाही. उघडं ॲल्युमिनियम मातीत पुरू नका. एका खांबाच्या दोन्ही पट्ट्या एकाच वेळी तोडू नका, एक पूर्ण होऊन तपासली गेल्यावरच दुसरीला हात लावा.

खड्ड्यांचा ओहम खाली आणायचा प्रश्न बालाघाटावर आणि दुष्काळात वेगळाच होतो. २०१२-१३ चा दुष्काळ इथल्या प्रत्येकाला आठवतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. माणसाला आणि जनावराला टँकरने पाणी पोहोचत असताना अर्थिंगच्या खड्ड्यात घागरी ओतायला कुणाला सांगणार? पाणी आणि मीठ यांवर उभं असलेलं अर्थिंग या जिल्ह्यात भरवशाचं नाही, हे मी तेव्हापासून ठामपणे सांगतो. खडकाळ जागी बोअर मारून इलेक्ट्रोड खोल उतरवावा आणि भोवती बेंटोनाइट भरावं, ते ओल धरून ठेवतं आणि मिठाइतकं खात नाही. कोरडी पडलेली बोअर आपल्याकडे गावोगाव आहे, तिचा असा उपयोग होतो. पण ज्या बोअरचं पाणी माणसं-जनावरं पितात, तिच्या केसिंगला अर्थ कधीही जोडू नका. फॉल्टच्या वेळी यार्डाचा चढलेला दाब त्या पाइपमधून शेजारच्या नळापर्यंत जातो. यार्डातून बाहेर जाणाऱ्या लोखंडी पाइपला कुंपणापाशी पीव्हीसीचा तुकडा टाकण्याचं कारणही हेच.

माणसाचं शरीर किती सोसतं, याचा मोजमापाने विचार अमेरिकेत चार्ल्स डॅल्झिएल यांनी केला. त्यांच्या सूत्राने ५० किलोच्या माणसाला एका सेकंदाला ११६ मिलिअँपिअर ही हद्द येते, आणि वेळ पाव सेकंदावर आणला तर ती २३२ होते. म्हणून रिलेची चाचणी आणि पट्टीची तपासणी एकत्रच व्हायला हवी. यार्डातली दहा-पंधरा सेंटिमीटरची खडीही याच हिशेबातली आहे, ती ओली असतानाही मातीपेक्षा कितीतरी जास्त रोध देते. खडीत माती आणि गवत भरू दिलं की ते संरक्षण गेलं. जिनिंगमधल्या फाटकाजवळ खडी नव्हतीच.

गावाच्या डीपीला हेच सगळं लहान प्रमाणात लागू आहे. डीपीला तीन खड्डे असतात: अरेस्टरचा, न्यूट्रलचा आणि बॉडीचा. पट्टी चोरीला गेली किंवा नांगराने तुटली, तर पावसात त्या ठिकाणी सगळ्यात आधी बैल दगावतो. त्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून त्याच्या अंगावर माणसापेक्षा जास्त दाब येतो. शेतकरी भावांनी डीपीच्या खांबाला किंवा तणावाच्या तारेला जनावर बांधू नये, आणि तुटलेली पट्टी दिसली तर हात न लावता वीज कार्यालयात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा.

कारखानदार आणि संस्थाचालकांसाठी एवढंच, की पुढच्या वेळी अर्थिंगच्या कामाची ऑर्डर काढाल तेव्हा ‘खड्ड्यांचा ओहम’ एवढंच लिहू नका. प्रत्येक रायझर मातीच्या रेषेखाली फूटभर उघडून घेतलेली जाडी, न्यूट्रलपासून प्रत्येक रायझरपर्यंतचा रोध, खाली जाणारा करंट, मोजणीची तारीख आणि त्या दिवशीची जमिनीची स्थिती, पट्ट्यांचा आराखडा, आणि प्रत्येक जोडाचा माती टाकण्याआधीचा फोटो, हे सगळं ऑर्डरमध्ये लिहा आणि ते हातात आल्याशिवाय बिल मंजूर करू नका.